भिडेवाड्यातली शाळा आणि जोतीरावांनी न केलेला दावा

जानेवारी उजाडला की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं की १ जानेवारी १८४८ रोजी पुण्यातल्या भिडेवाड्यात भारतातली मुलींची पहिली शाळा निघाली, त्याआधी या देशात मुलींसाठी एकही शाळा नव्हती, फुले दाम्पत्याने कुणाच्याही मदतीशिवाय अठरा शाळा काढल्या, आणि पावणेदोनशे वर्षं टिकलेली ती शाळा २०२३ मध्ये सरकारने पाडली. मागोमाग उलट बाजूचा मजकूर येतो: शाळा मिशनऱ्यांनीच काढल्या, फुल्यांचा उदोउदो उगाच, आणि सावित्रीबाईंची सहकारी म्हणून सांगितली जाणारी फातिमा शेख नावाची बाई कधी नव्हतीच. पहिल्या मजकुरातल्या ढिलाईवरच हा दुसरा पोसला जातो. म्हणून आधी पहिल्याची झाडाझडती.

'देशातली पहिली' हे टिकत नाही. कोलकात्यात मिशनऱ्यांच्या पुढाकाराने मुलींच्या शाळा १८२०च्या आसपासच निघाल्या होत्या. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली, आणि पुढे जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट यांनीही तिथे शाळा चालवल्या. अहमदनगरात अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार यांच्या शाळा होत्या. बरं, 'मिशनऱ्यांच्या सोडा, भारतीय माणसांनी काढलेली पहिली' असं म्हणावं, तर बंगालमध्ये बारासातला प्यारीचरण सरकार आणि त्यांच्या मित्रांनी १८४७ मध्येच मुलींची शाळा सुरू केली होती.

यात जोतीरावांचा अपमान कुठेच होत नाही, कारण त्यांनी हा दावा केलाच नव्हता. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात ते सरळ सांगतात की पुण्यात मिशनऱ्यांची मुलींची शाळा होती, पण इथल्या लोकांनी चालवलेली एकही नव्हती, म्हणून आपण ती काढली आणि आपण व आपल्या पत्नीने तिथे पुष्कळ वर्षं काम केलं. दावा पुण्यापुरता, आणि तोही मिशनऱ्यांचं श्रेय मान्य करून. नगरला जाऊन फॅरारबाईंची शाळा पाहिली आणि ती आवडली, हेही त्यांनी लपवलं नाही. 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या मराठी नियतकालिकात १८५३ साली ते छापून आलं आहे. भक्तांना जे कबूल करताना जड जातं ते खुद्द त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं.

मग दुसऱ्या मजकुराचं म्हणणं खरं ठरतं का? अजिबात नाही. मिशनच्या शाळेमागे परदेशातून येणारा पैसा होता आणि धर्मप्रसाराचा हेतू होता. १८४९ मध्ये कोलकात्यात निघालेली बेथून यांची शाळा सुरुवातीला प्रतिष्ठित हिंदू घरांतल्या मुलींसाठीच होती. पुण्यात मात्र विशीतला एक माळी तरुण पेशवाईची ऊब अजून न गेलेल्या बुधवार पेठेत शाळा काढतो, आणि शिकवायला उभी करतो ती स्वतःच्या बायकोला. (१ जानेवारी ही तारीख धरली तर सावित्रीबाईंना त्या दिवशी सतरावं पुरं व्हायला दोन दिवस कमी होते.) रस्त्यात शेणमाती अंगावर आली आणि १८४९ मध्ये वडिलांचं घरही सुटलं. याच शाळांत शिकलेली मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिते आणि आम्हाला कोणता धर्म आहे असं थेट विचारते. पहिलेपणाच्या शर्यतीत हेच नेमकं मागे राहतं.

आता तारीख. १८४८ हे साल सर्वमान्य आहे, दिवसावर मात्र चरित्रकारांचं एकमत नाही. कुणी जानेवारी धरतात, कुणी ऑगस्ट. खुद्द जोतीरावांनी हंटर आयोगापुढे 'सुमारे १८५४' असं साल सांगितलं. तीसेक वर्षांनी आठवणीवर विसंबून दिलेलं साल चुकू शकतं. तेव्हा १ जानेवारीला अभिवादन जरूर करा. अमुक वाजता घंटा वाजली असे तपशील तेवढे नकोत.

'पावणेदोनशे वर्षं टिकलेली शाळा' ही तर सरळ चूक. भिडेवाड्यातली पहिली शाळा काही महिन्यांतच बंद पडली. पाय रोवले गेले ते पुढच्या फेरीत: ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात, १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला विश्रामबागवाड्यात शिक्षण क्षेत्रातले इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. चिपळूणकरांचा वाडा कुठे होता हे आज किती पुणेकर सांगू शकतील? अठराचा आकडाही असाच. हंटर आयोगापुढे जोतीराव मुलींची एक शाळा, नंतर सुशिक्षित पुणेकरांच्या मंडळीच्या (समितीच्या) देखरेखीखाली निघालेल्या आणखी दोन, आणि महार-मांगांसह खालच्या जातींसाठी एक मिश्र शाळा व नंतर त्यांच्यासाठीच आणखी दोन एवढ्यांचाच उल्लेख करतात.

'कुणाच्याही मदतीशिवाय' हेही पटणारं नाही. जागा तात्यासाहेब भिड्यांची, ब्राह्मणाची. सोबत सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे. सावित्रीबाईंचं पुढचं शिक्षण केशव शिवराम भवाळकरांकडे झालं. लहुजी वस्ताद साळवे पाठीशी होते. विरोध करणारे सनातनी ब्राह्मण होते आणि साथ देणाऱ्यांतही ब्राह्मण होते. एकच अर्धा भाग उचलायचा आणि त्यावर जातीचा निकाल लावायचा, हे दोन्ही बाजूंना सोयीचं जातं.

फातिमा शेख यांचं म्हणाल तर १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी फातिमाचा उल्लेख केला आहे: आपल्या गैरहजेरीत तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. तिचा ९ जानेवारी हा वाढदिवस आणि 'पहिली मुस्लिम शिक्षिका' ही पदवी यांना पुरावा मागा, तो रास्त आहे. पण त्यावरून बाईच बनावट होती असं ठरवायचं, तर आधी हे पत्र बाजूला सारावं लागेल.

राहिला पाडकामाचा मुद्दा. दगडूशेठ गणपतीच्या समोरचा तो वाडा शेवटी दुकानं असलेली मोडकळीची इमारत होती. तिथे सावित्रीबाईंचं राष्ट्रीय स्मारक व्हावं ही मागणी फुले-आंबेडकरी चळवळीचीच. महापालिकेने जागा घ्यायचं ठरवलं तेव्हा भाडेकरू कोर्टात गेले आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. २०२३ मध्ये आधी उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात निकाल भाडेकरूंच्या विरोधात गेला, आणि डिसेंबरमध्ये रातोरात वाडा उतरवला गेला. जुन्या वास्तूतलं काय जपायला हवं होतं यावर भांडता येईल, आणि माझ्या मते ते भांडण आधीच व्हायला हवं होतं. पण 'इतिहास पुसण्यासाठी शाळा पाडली' हे खोटं आहे. आता तिथे स्मारक उभं राहताना फलकावर 'देशातील पहिली' असं न कोरता हंटर आयोगापुढचं जोतीरावांचं वाक्य जसंच्या तसं लावावं, आणि शेजारी १८५१-५२ च्या तीन शाळांचे पत्ते.