बायबलला कौल लावणं आता पुरे

३१ डिसेंबरच्या रात्री आपल्या कितीतरी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना संपता संपता प्रॉमिस कार्डांचा, म्हणजे बायबलमधलं एकेक वचन छापलेल्या कार्डांचा, डबा फिरतो. डोळे मिटायचे, हात घालायचा, एक कार्ड काढायचं. झालं वर्षभराचं वचन. मग ते फ्रिजवर लागतं, स्टेटसला लागतं, सासरच्या ग्रुपवर जातं. माझी त्या डब्याबद्दल जुनी तक्रार आहे. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो (नीतिसूत्रे ११:१), हे त्यातून कुणाला निघालेलं मी पाहिलेलं नाही. शेजाऱ्याच्या घरी सारखा जाऊ नकोस, कंटाळून तो तुझा द्वेष करू लागेल (२५:१७), हेही नाही. ही वचनं डब्यात घातलेलीच नसतात, तर निघणार कुठून?

निघतं ते यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११. हिताचे संकल्प, उज्ज्वल भविष्य. आता हे वचन कुणाला लिहिलंय ते बघा. यरुशलेमेतून उचलून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं ते पत्र आहे. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया म्हणतो, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना कळलं असणार की आपण तिथेच मरणार. तोवर काय करायचं, तर घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या शहरात बंदिवान म्हणून आलात त्याच शहरासाठी प्रार्थना करा. अकरावं वचन या सगळ्यानंतर येतं. आपण मात्र तेवढं कापून घेतो आणि मुलाच्या व्हिसाला लावतो. खरं सांगायचं तर आपली पसंती हनन्याला आहे, नाव फक्त यिर्मयाचं घेतो.

आपल्यातल्या अनेकांचे खापरपणजोबा कौल लावणं मागे टाकून मंडळीत आले आणि आपण बायबललाच कौल लावत बसलोय. डोळे मिटून पान उघडायचं, बोट पडेल ते उत्तर. कुणी लगेच म्हणेल, प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्या होत्या. टाकल्या होत्या, यहूदाच्या जागी मत्थियाची निवड करताना (प्रेषितांची कृत्ये १:२६). पण ते पन्नासाव्या दिवसाच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधी. पुढे पंधराव्या अध्यायात विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या सुंतेचा प्रश्न आला, आणि प्रश्न लहान नव्हता, मंडळी फुटायची वेळ होती. तेव्हा कुणी चिठ्ठी काढली नाही. पुष्कळ वादविवाद झाला, पेत्र बोलला, पौल आणि बर्णबा यांनी हकिकत सांगितली, याकोबाने शास्त्र समोर ठेवलं आणि मग पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला व आम्हांला हे योग्य वाटलं. हा ‘आम्हांला’ मला फार मोलाचा वाटतो.

नुसतं वचन तोंडपाठ असणं म्हणजे शहाणपण असतं, तर अरण्यात येशूची परीक्षा घेणारा सैतानही शहाणाच ठरला असता. त्याने स्तोत्र ९१ मधलं वचन म्हणून दाखवलंच की.

नीतिसूत्रांचं पुस्तक तर वाचणाऱ्याला जाणूनबुजून कोड्यात टाकतं. २६:४ म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नकोस, नाहीतर तू त्याच्यासारखा होशील. २६:५ म्हणतं, दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. लागोपाठ! संकलन करणाऱ्याच्या नजरेतून हे सुटलं असेल असं मला वाटत नाही. दोन्ही ठेवली, कारण समोर कोण आहे आणि वेळ कोणती आहे, हे पाहून ठरवायचं काम त्याने आपल्यावर सोडलंय. फॅमिली ग्रुपवर रोज हीच परीक्षा असते. (आणि पहाटे पाचला तिथे आशीर्वादाचे फोटो टाकणाऱ्यांनी २७:१४ एकदा नक्की वाचावं. पहाटे उठून मित्राला मोठ्या आवाजात आशीर्वाद दिला, तर तो शापच समजला जाईल, असं शास्त्रच म्हणतं.)

आता माझ्या घरातली गोष्ट. नात्यातल्या एकाला धंद्यासाठी पतसंस्थेचं कर्ज हवं होतं आणि जामीनदार म्हणून माझी सही हवी होती. तो आमच्याच मंडळीतला, प्रार्थनेचा माणूस. जामीन राहण्यावर नीतिसूत्रांत एकदा नाही, सहाव्या, अकराव्या, सतराव्या, विसाव्या आणि बाविसाव्या अध्यायात सांगितलंय. बाविसाव्यात तर सरळच विचारलंय, फेडायला तुझ्याकडे काही नसलं तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण काढून न्यावं असं का करतोस? झालं, उत्तर मिळालं, असं म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो.

पण मग फिलेमोनाला लिहिलेलं पत्र आहे. फिलेमोनाकडून पळून गेलेल्या अनेसिम या दासासाठी पौल लिहितो की त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन. हा जामीनच की! मग खरं कोणाचं धरायचं, नीतिसूत्रांच्या शलमोनाचं की पौलाचं?

मी आमच्या मंडळीच्या जुन्या खजिनदार काकांकडे गेलो. आयुष्यभर सहकारी बँकेत नोकरी केलेला माणूस. त्यांनी वचन सांगितलंच नाही. आधी विचारलं, “रक्कम किती? आणि उद्या सगळी तुझ्या अंगावर आली तर घरातलं काय विकशील?” मग कायदा समजावला. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकलं की संस्था थेट तुमच्या दारात येऊ शकते. लोक सही करतात ती ‘नावापुरती’ म्हणून. काकांचं म्हणणं, पौलाने नावापुरती सही केली नव्हती. मी फेडीन म्हणाला, म्हणजे फेडायच्या तयारीने म्हणाला. नीतिसूत्रं ज्याला अडवतात तो नसलेल्या पैशांवर हातावर हात मारून वचन देऊन बसलेला माणूस आहे.

घरी येऊन बायकोबरोबर वही घेऊन बसलो. पूर्ण रक्कम आम्हांला पेलणारी नव्हती. सही केली नाही. जेवढं बुडालं तरी चालेल तेवढं मात्र परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलं. तसंच सांगणारं लूक ६:३५ नजरेआड करता येत नव्हतं. तो नातेवाईक अजून रागावलेला आहे, नाताळच्या फराळालाही आला नाही. योग्य निर्णय घेतला की घरात शांती नांदते, असं मंडळीपुढे आपला अनुभव सांगताना, साक्षीच्या वेळी, सांगतात खरं. आमच्याकडे अजून तरी नांदलेली नाही.

पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं, ते साध्या, कमी शिकलेल्या बायकांना स्वतः वाचता यावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, त्यानंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते छापून निघालं. सगळंच्या सगळं, वंशावळी आणि वजनमापांसकट. कार्डावर मावतील तेवढीच वचनं हवी असती, तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

तेव्हा पाळकसाहेबांना माझी एक विनंती आहे. बुधवारच्या प्रार्थनासभेत महिन्यातून एकदा तरी बायबल उघडून जामीन, भिशी, जमिनीची वाटणी, पगार थकवणारा मालक, आईवडलांचं औषधपाणी यांवर बोलू द्या. प्रवचन नको. बँकेतून निवृत्त झालेले काका बोलतील, धुणंभांडी करणारी मावशी बोलेल, वकिली शिकणारी पोरगी बोलेल. वाद होतील. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायातही झालेच होते. तुमच्या मंडळीत असं काही चालत असेल तर कसं चालतं ते लिहा, आमच्याकडे सुरू करायचंय.