पांढरा डबा नव्हे, आणि पांढरा तर नव्हेच : एका सांगलीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चेक देशातल्या ब्रनो शहरातल्या तुगेनधाट घरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही 'एक सांगलीकर' अशी सही करून लिहिलंत : सांगलीच्या गावभागातले वाडे पुराच्या पाण्यानं ढासळतायत आणि मी परदेशातल्या एका श्रीमंताच्या पांढऱ्या डब्याचं कौतुक करतेय. त्यात ना कोरीव काम, ना नक्षी. सगळं नव्यानं बसवल्यावर त्यात जुनं काय उरलं? आणि असल्या काचेच्या घरात माणूस राहील तरी कसा?

वाड्यांबद्दल तुमचं दुःख अगदी खरं आहे, त्याकडे शेवटी येते.

आधी शेवटचा प्रश्न. हाच प्रश्न 1931 साली एका जर्मन मासिकात एका समीक्षकानं जाहीरपणे विचारला होता. घर बांधून जेमतेम वर्ष झालं होतं. त्याला फ्रिट्झ आणि ग्रेटे तुगेनधाट या मालक नवरा-बायकोनंच उत्तर दिलं. ग्रेटेबाईंच्या लिहिण्याचा आशय असा, की या मोकळ्या जागेत एखादं फूलसुद्धा पूर्वी कधी दिसलं नव्हतं इतकं ठळक दिसतं, आणि माणसाचंही तसंच होतं. मी तिथल्या दिवाणखान्यात उभी राहिले तेव्हा मला ते पटलं. ऑनिक्स दगडाची एक भिंत, जेवणाच्या जागेला अर्धवर्तुळात वेढणारं मकासर एबनीचं लाकूड, क्रोमचे चकाकते खांब, आणि बागेकडची भलीमोठी काच, जिचे दोन भाग बटण दाबलं की जमिनीत उतरतात. हिवाळ्यात सूर्य खाली आला की ऑनिक्स आतून पेटल्यासारखा दिसतो. मीस फान डेर रोहे या वास्तुविशारदाला नक्षीची गरज का वाटली नाही, ते तिथं कळतं.

आता 'जुनं काय उरलं?'. हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तुगेनधाट कुटुंब ज्यू होतं. 1938 साली त्यांना घर सोडावं लागलं, पुढच्याच वर्षी गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते बळकावलं. युद्ध संपता संपता तिथं सोव्हिएत सैन्याचे घोडे बांधले गेले. मग नृत्यशाळा झाली, मग पाठीच्या कण्याचे विकार असलेल्या मुलांचं उपचार केंद्र. ऐंशीच्या दशकात एकदा दुरुस्ती झाली, पण एवढी मोठी एकसंध काच मिळेना म्हणून दोन तुकडे जोडून बसवले. आपल्याकडच्या कोरीव तुळईवर कुणी तैलरंग फासला तरी खालची वेलबुट्टी बोटाला लागते. इथं मात्र काचेत एक सांधा आला की सगळी खोलीच बिघडते, कारण साध्या घराला लपायला जागाच नसते. म्हणून अशा घराची डागडुजी जास्त अवघड.

2010 ते 2012 मध्ये जे काम झालं ते त्यासाठीच मला आवडतं. ते एबनीचं लाकूड हरवलं असंच सगळे धरून चालले होते. त्याचे तक्ते 2011 मध्ये ब्रनोच्याच विद्यापीठात, विधी विद्याशाखेच्या कॅन्टीनच्या भिंतींना लावलेले सापडले. युद्धकाळात त्या इमारतीत गेस्टापोचं कार्यालय होतं. ते तक्ते परत मूळ जागी आले. आणि तुमचा 'पांढरा डबा'! बाहेरचा मूळ गिलावा तपासल्यावर निघालं, की तिथल्या पिवळसर वाळूमुळे घर शुभ्र नव्हतंच, सायीच्या रंगाचं होतं. या कामाच्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष इव्हो हॅमर हे तुगेनधाट दांपत्याच्या मुलीचे, डॅनिएला यांचे यजमान. नव्यानं रंग देऊन मोकळं होणं सोपं होतं, तरी त्यांनी आधी मूळ थर वाचले.

हे वाचता येणंच आपल्याकडे हरवत चाललंय. माझ्या आजोळच्या बंगल्यात मोझॅकची हिरवट फरशी होती, कडेनं काळी पट्टी. दहा वर्षांपूर्वी आम्हीच तिच्यावर चकचकीत टाइल्स चिकटवल्या, सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या लावल्या. कुणालाच ते नुकसान वाटलं नाही, कारण तो 'वाडा' नव्हता. गोल गच्चीचे असे सिमेंटचे बंगले आपण जुने मानतच नाही आणि मग एकेक करून घालवतो.

तुमचे वाडेही तसेच जातायत, फक्त कारण वेगळं. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, आणि धोक्याची पातळी 45 फूट. पांढऱ्या मातीची भिंत चार-पाच दिवस पाण्यात राहिली की पाया सुटतो. त्यात पूर ओसरल्यावर घाईनं सिमेंटचा गिलावा होतो, ओल आत कोंडते, आणि भिंत आतून भुसभुशीत होत जाते. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर तरी पडते. पण चुना मळणारा गवंडी शोधावा लागतो, आणि 'आधी थर बघा' म्हणणारा मालकही.

गावभागातला कुठला वाडा तुमच्या डोळ्यासमोर आहे, ते कळवाल का? येत्या रविवारी मी रिकामी आहे. मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन येते. मालकांची हरकत नसेल तर एका कोपऱ्यातला रंग हलक्या हातानं खरवडून बघू, खाली काय निघतं ते.