साठवणुकीइतकेच घड्याळही पाहावे

मोबाइल गेममधील मर्यादित काळाच्या कार्यक्रमांसाठी सर्व साधने आधीपासून साठवून ठेवावीत, हा अशा गेमवरील एका लेखात दिलेला सल्ला सरसकट लागू पडत नाही. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या गेमपुरते सांगायचे, तर त्यातील रेझिन (बक्षिसे मिळवताना खर्च होणारी ऊर्जा) दर ८ मिनिटांना एक या गतीने भरते आणि २०० वर थांबते, म्हणजे सुमारे पावणेसत्तावीस तासांनंतर ते न वापरणाऱ्याचे नुकसानच होते. प्रिमोजेमची (नवी पात्रे मिळवण्याच्या सोडतीसाठी लागणाऱ्या रत्नांची) गोष्ट वेगळी आहे, कारण ते कितीही साठवता येतात आणि नेमके तेच साठवायचे असतात. सोडतीतले हवे ते पात्र नशिबाने साथ न दिल्यास जास्तीत जास्त १८० प्रयत्नांत मिळते व प्रत्येक प्रयत्नाला १६० प्रिमोजेम लागतात, त्यामुळे २८,८०० जमलेले असतील तरच निर्धास्त राहता येते. (इतका संयम किती जणांकडे असतो, हा भाग अलाहिदा!)

लेखात वेळेच्या फरकाचा उल्लेखही नाही, जो भारतातील खेळाडूंसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. गेमच्या आशिया विभागासाठीच्या सर्व्हरवरचे अनेक कार्यक्रम त्या सर्व्हरच्या वेळेनुसार पहाटे ३:५९ वाजता संपतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचा १:२९ झालेला असतो. म्हणून शेवटची तारीख २० दिसत असली, तरी पुण्यात किंवा नागपुरात बसून खेळणाऱ्याने १९ च्या रात्रीच सर्व बक्षिसे पदरात पाडून घेतलेली बरी. कार्यक्रमाच्या दुकानातील महत्त्वाच्या वस्तू तर त्याआधीच घ्याव्यात.