बारावा महिना

भाड्याने राहायला लागलं की एक गोष्ट लगेच कळते, वकील सोडून बाकी सगळ्यांना कायदा पाठ असतो. वकिलाला काही विचारलं तर तो बिचारा "कागद बघावे लागतील" म्हणतो. घरमालक, एजंट, वॉचमन आणि खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड काका यांना कागद लागत नाहीत, त्यांना आतूनच माहीत असतं.

आमचे मालक तसे सज्जन. पण त्यांच्या मनात एका भीतीने घर केलंय, तेही बिनभाड्याचं, की भाडेकरू पूर्ण वर्ष राहिला की जागा त्याच्या नावावर होते. म्हणून करार अकराच महिन्यांचा. मी समजावलं की काका, अकरा महिने आले ते १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे, वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करणं सक्तीचं आहे म्हणून लोकांनी एक महिना छाटला, आणि ते तुमचं बारा म्हणजे बारा वर्षं, तीसुद्धा मालकाचा हक्कच न मानता जागा अडवून बसलेल्यासाठी, मी तर दर महिन्याला भाडं देऊन तुम्हालाच मालक म्हणतोय ना. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे बारा वर्षांनी होते ना नावावर?"

बरं, करार तरी कसा, तर एजंटने पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर छापून आणलेला. तिसऱ्या पानावर आधीच्या कुठल्यातरी भाडेकरूचं नाव तसंच, आणि एक कलम असं की सदर दुकानात ज्वलनशील माल साठवू नये. वन बीएचकेमध्ये! मी विचारलं रजिस्टर नाही करायचा? तर म्हणाला, "सर नोटरी केलीय ना, नोटरी म्हणजे रजिस्टरच." तो लाल गोल शिक्का बघितला की लोकांना साक्षात सरकार भेटून गेल्यासारखं वाटतं. नोटरी वेगळी आणि दुय्यम निबंधकाकडची नोंदणी वेगळी हे मी त्याला सांगेपर्यंत तो पुढच्या पार्टीला फ्लॅट दाखवायला निघून पण गेला.

आता कुणाला वाटेल चुकीचा कायदा फक्त मालकांकडेच असतो. छे. रिटायर्ड काकांनी मला लिफ्टमध्ये कानमंत्र दिला की करार संपला तरी हलायचं नाही, कोण काढतंय बघू, कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे. काकांचा कायदा जुन्या पागडीच्या काळातला, एकरकमी पैसे मोजायचे आणि नाममात्र भाड्यात पिढ्यान्पिढ्या राहायचं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे आमच्यासारख्या ठरावीक महिन्यांच्या कराराची, मुदत संपल्यावर ठाण मांडून बसणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई घ्यायची सोय आहे. माझं एकपट देताना काय होतं ते मलाच माहीत.

तर एकदा मालक मधेच भाडं वाढवा म्हणून आले. मी करार दाखवला. ते म्हणाले मग पाणी बंद करतो. मी म्हटलं काका, योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी नि वीज तोडायला याच कायद्यात मनाई आहे, आणि हा विषय निघालाच आहे तर कलम ५५ पण वाचू का? आणि वाचलं. करार लेखी आणि रजिस्टर हवा, अकरा महिन्यांचा असला तरी, तो रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

"कोणाला?"

"मालकाला."

"मालकाला?" काका खुर्चीत बसले. खुर्ची पण त्यांचीच, सेमी-फर्निश्ड आहे.

मी पुढचं वाचलं, की असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. काकांचं डोकं अशा वेळी फार झरझर चालतं. "म्हणजे तुम्ही उद्या म्हणालात भाडं निम्मंच ठरलं होतं..."

"तर तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं."

मी असलं काही म्हणणार नव्हतो, पण ते सांगायची मला अजिबात घाई नव्हती. ज्या माणसाने भाडेकरू घर गिळेल या धास्तीने करार सरकारपासून लपवून ठेवला त्याने भाडेकरूच्याच हातात बॅट बॉल स्टंप सगळं दिलं होतं, आणि हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटताना बघणं हा भाड्यात न धरलेला आनंद होता.

दुसऱ्याच दिवशी काका सकाळी सकाळी दारात, हातात आधार कार्ड, अंगठा तयार. ऑनलाइन रजिस्ट्रेशनवाल्याला पण त्यांनीच फोन केलेला. मशीन त्यांचा अंगठा काही घेईना, पुसून झाला, फुंकर मारून झाली, शेवटी एकदाचा लागला. मग जाता जाता दारात थांबून म्हणाले, "खर्च मात्र अर्धा अर्धा हं. तसं कायद्यातच आहे."

"कुठल्या कायद्यात काका?"

"अहो असतंच ते सगळीकडे."