बोलायची सोय नेमकी कुणाला?

‘हल्लीच्या मुलींना काही बोलायची सोयच राहिली नाही,’ असं पुण्या-नाशिकचे नातेवाईक फोनवर म्हणतात, तेव्हा ओस्लोत बसून मला वाद घालावासा वाटतो. मोठ्यांना बोलायची सोय अजून भरपूर आहे. नाही ती ऐकणारीला.

लग्नघरात मावशी भाचीला म्हणते, ‘अगं, किती सुटलीस!’ आणि लगेच आग्रहाने दोन जिलब्या वाढते. भाची हसते. ‘मावशी, माझ्या जाडीवरून बोलू नकोस’ असं म्हणाली, तर उद्धट ठरेल. मग राग दुसरी वाट शोधतो. जिलब्या पानात तशाच राहतात. फोटोच्या वेळी भाची नाहीशी होते, मावशीचा मेसेज वाचून उत्तर देत नाही, पुढच्या मुंजीला ‘रजा नाही’. मावशीही सरळ विचारत नाही. ‘आम्ही बाई जुन्या वळणाच्या’ असं तिसरीपाशी सुनावते. दोघी वर्षानुवर्षं धुमसतात, कशावरून ते कुणी उच्चारत नाही.

मी भाचीला दोष देणार नाही. लहानांनी ‘नको’ म्हटलं की ते उलटून बोलणं ठरत असेल, तर अबोल्याशिवाय त्यांच्या हाती उरतं काय?

इथे नॉर्वेत कुणाच्या वजनावर सहसा कुणी बोलत नाही. म्हणून इथल्या मुली सुटल्या असं मात्र नाही. तोच शेरा त्यांना जाहिराती मारतात. अखेर जुलै २०२२पासून कायदा आला : जाहिरातीत माणसाचा बांधा किंवा त्वचा फेरफार करून दाखवली, तर ठरावीक शिक्का लावायचा, इन्फ्लुएन्सरनेसुद्धा. आपल्याकडे २०२०मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. पण कांदेपोह्यांनंतर मध्यस्थाकरवी ‘फोटोत उजळ वाटली होती’ हा निरोप यायचा तो येतोच.

‘काळजीपोटी बोलतो’ हे समर्थन मी झटकून टाकत नाही. आपल्या लोकांना मधुमेहाचा धोका युरोपीयांपेक्षा कमी वजनावर सुरू होतो. म्हणून भारतात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३च्या वर गेला की वजन जास्त धरतात. पण काळजी असेल तर बाजूला घेऊन विचारावं, ‘शुगर तपासलीस का?’ भरल्या पंगतीत कशाला?

आणि त्या पंगतीत भाचीची आईही असते. ‘ताई, तिच्या जाडीवरून बोलू नकोस’ हे तिने तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत म्हणावं. लेकीच्या तोंडी जो उद्धटपणा ठरतो, तो धाकट्या बहिणीने म्हटला तर ताई फार तर दोन दिवस फुगून बसेल.