नळीतून क्षेपणास्त्र: त्या मेसेजबद्दल खुलासा

लालबाग-परळच्या आमच्या गेमिंग ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘रणगाड्याच्या तोफेतून क्षेपणास्त्र सुटतं ही गेमवाल्यांची थाप. आणि ते हाताशी असलं की फक्त बटण दाबायचं, पुढे लक्ष्य ते स्वतः शोधतं.’ दोन्ही चूक.

अमेरिकेच्या शेरिडन या हलक्या रणगाड्याच्या १५२ मिमी तोफेतून शिलेले क्षेपणास्त्र १९६० च्या दशकातच सुटत होतं. सोव्हिएत टी-६४बी रणगाड्याकडे कोब्रा होतं. आपल्या टी-९० भीष्मकडे १२५ मिमी नळीतून सुटणारं इन्व्हार आहे. इतकं लांब कशाला, सप्टेंबर २०२० मध्ये डीआरडीओने अर्जुन रणगाड्यावरून अशीच चाचणी घेतली, ती आपल्या नगरच्या केके रेंज या लष्करी सरावमैदानावर!

आता दुसरा मुद्दा, खरी गंमत इथेच आहे. इन्व्हार स्वतः काही शोधत नाही. ते लेझर किरणाच्या आधाराने जातं, त्यामुळे आदळेपर्यंत तोफचीला निशाणा लक्ष्यावर धरून ठेवावी लागते. चार किलोमीटरला साधारण बारा सेकंद. तेवढ्या अंतरासाठी चिलखतभेदी बाणगोळ्याला (स्फोटक नसलेली, निव्वळ वेगाच्या जोरावर चिलखत फोडणारी धातूची सळई) अडीच सेकंदांच्या आसपास पुरतात. म्हणजे गेममध्ये गल्लीबोळांच्या मॅपवर क्षेपणास्त्र घेऊन गेलात तर समोरचा आधी तुम्हालाच उडवेल. मोकळ्या मैदानात मात्र मजा, कारण त्याचं स्फोटक शीर्ष लांबूनही तेवढंच भेदतं. बाणगोळ्याचा जोर अंतराबरोबर ओसरतो.

वॉर थंडर या गेममध्ये शेरिडन आहेच. शंका असेल त्याने चालवून बघावा, मग मेसेज पुढे ढकलावा.