शुक्रवारी संध्याकाळी क्लस्टर झाडून काढण्याची रीत

कुबरनेटीस म्हणजे अनेक सर्व्हरांच्या समूहावर, अर्थात क्लस्टरवर, प्रोग्राम चालवत ठेवणारी प्रणाली. तिच्या क्लस्टरवर एखादे ॲप्लिकेशन चढवायचे म्हटले की केवढा सोहळा असतो. काय काय हवे ते सांगणाऱ्या यॅमलच्या फायली लिहिल्या जातात, त्यांवर दोन-तीन वरिष्ठांची संमती घेतली जाते, आर्किटेक्चरच्या चित्रात एक नवा चौकोन काढला जातो, आणि पहिला पॉड, म्हणजे ॲप्लिकेशनची चालती प्रत, 'रनिंग' दिसू लागला की कोणीतरी समोसे मागवते. तेच ॲप्लिकेशन दोन वर्षांनी उतरवायचे असेल, तर ते काम तिकिटाच्या तळाशी 'क्लीनअप' या एका शब्दात मावते आणि टीममधल्या सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडते. ही वाटणी योग्यच म्हणायला हवी. उभारायला अक्कल लागते, पाडायला केवळ परवानगी. आणि क्लस्टर-ॲडमिनची, म्हणजे वाटेल ते करण्याची, परवानगी तर आपण पहिल्याच दिवशी सर्वांना देऊन टाकलेली असते, कारण प्रत्येकाला लागेल तेवढीच द्यायची तर त्यासाठीही यॅमलच लिहीत बसावे लागले असते. तेव्हा हे काम या आठवड्यात ज्यांच्या गळ्यात पडले आहे, त्यांच्यासाठी प्रचलित रीत येथे सविस्तर देत आहे.

मुहूर्त शुक्रवारी संध्याकाळी सहानंतरचा धरावा. त्या वेळी ज्यांना काही विचारता आले असते ती माणसे घरच्या वाटेला लागलेली असतात, त्यामुळे विचारण्याचा मोह आपोआप टळतो.

पहिले पथ्य असे, की आपण कोणत्या क्लस्टरवर उभे आहोत हे तपासू नये. कुबरनेटीस या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा, आणि म्हणूनच त्याच्या बोधचिन्हात सात आऱ्यांचे चाक आहे. पण सुकाणू हातात असताना जहाज कोणाचे, हे विचारणे शोभत नाही. 'करंट-कॉन्टेक्स्ट' दाखवणारी आज्ञा आहे खरी, मात्र ती संशयी स्वभावाच्या माणसांसाठी आहे. आपल्यासमोर टर्मिनलच्या दोन खिडक्या असतात, एक चाचणीच्या क्लस्टरची आणि एक प्रॉडक्शनची, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू क्लस्टरची, दोन्ही सारख्याच काळ्या. स्पॉटिफायच्या अभियंत्याने २०१९ साली बार्सिलोनाला क्यूबकॉन या कुबरनेटीसच्या परिषदेत व्यासपीठावरून सांगितले होते, की चाचणीचा क्लस्टर समजून त्यांच्याकडे चालू क्लस्टरच उडवला गेला. गंमत म्हणजे गाणी ऐकणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण कुबरनेटीसवर जाण्याचे त्यांचे काम तोवर अर्धवटच झाले होते आणि जुनी यंत्रणा शेजारी जिवंत होती. आपल्याकडे अशी अर्धवट कामे चालत नाहीत. आपण जुनी यंत्रणा स्थलांतराच्या दुसऱ्याच दिवशी बंद करतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नवखा माणूस आधी पॉड उडवतो. पॉड जातो, आणि तो पुरता गेलेला नसतानाच शेजारी नवा उभा राहतो; कारण पॉडच्या मागे रेप्लिकासेट आणि रेप्लिकासेटच्या मागे डिप्लॉयमेंट बसलेले असते, आणि तीन पॉड हवेत असे तिथे एकदा लिहिले की तिसरा कुठे गेला हे न विचारता ते तिसरा पुन्हा घडवतात. गणपतीच्या उत्तरपूजेत गुरुजी 'पुनरागमनाय च' म्हणतात, त्याला निदान एक वर्षाचा अवकाश असतो. डिप्लॉयमेंटच उडवले तरी निर्धास्त होऊ नये. मागे आर्गो सीडी हे क्लस्टरवर पहारा ठेवणारे साधन 'सेल्फ-हील' चालू ठेवून बसले असेल, तर ते गिटमधली, म्हणजे फायलींच्या सामाईक साठ्यातली, जुनी यॅमल वाचून सगळे पूर्ववत उभे करते. मग आपण पुन्हा उडवतो, ते पुन्हा उभारते. हा खेळ मी एकदा चाळीस मिनिटे चाललेला पाहिला आहे, आणि त्या चाळीस मिनिटांत गिटमधली फाइल काढून टाकावी असे खोलीतल्या चारपैकी एकालाही सुचले नव्हते. चारांत मीही होतो.

यावर अनुभवी लोक क्यूबसीटीएल या कुबरनेटीसला हुकूम सोडण्याच्या साधनाची 'क्यूबसीटीएल डिलीट ऑल' ही आज्ञा सुचवतात, आणि मीही तीच सुचवतो, कारण तिच्या नावात 'ऑल' आहे. ती चालवल्यावर पडद्यावर पॉड, सर्व्हिस, डिप्लॉयमेंट यांची नावे भराभर सरकतात आणि मनाला फार समाधान लाभते. मात्र घर आवरले असे म्हणताना आपण जसा माळा मोजत नाही, तसेच या 'ऑल'मध्ये कॉन्फिगमॅप (सेटिंग्ज), सीक्रेट (पासवर्ड वगैरे), इनग्रेस (बाहेरून आत येण्याची वाट) आणि मुख्य म्हणजे डिस्कवर हक्क सांगणारे पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम मोजलेले नसतात. स्टेटफुलसेट, म्हणजे माहिती जपणारे पॉड सांभाळणारी वस्तू, उडवले तरी त्याचे क्लेम जागच्या जागी राहतात, आणि हा दोष नसून जाणूनबुजून केलेली रचना आहे: माणसाची चूक झाली तर प्रोग्राम जावा, माहिती राहावी. क्लेमही सोबत जावेत असे सांगण्याची सोय कुबरनेटीसच्या १.३२ आवृत्तीत पक्की झाली, तरी न सांगितल्यास आजही ते राहतातच. ॲप्लिकेशन बसवण्या-काढण्याचे साधन असलेल्या हेल्मची 'अनइन्स्टॉल' आज्ञाही असे क्लेम मागे ठेवते. ही सावधगिरी आपल्यासारख्या कर्तबगार लोकांचा अपमान आहे, आणि तिचा सूड उगवण्याची रीत अशी, की आठवड्याने तोच पोस्टग्रेस डेटाबेस त्याच नावाने पुन्हा बसवावा. नवा पोस्टग्रेस मुकाट्याने जुनी डिस्क उचलतो. डिस्कवर जुना पासवर्ड असतो, नव्या सीक्रेटमध्ये नवा पासवर्ड तयार झालेला असतो, आणि 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' ही ओळ आपण दिवसभर वाचत बसतो. दुपारी नेटवर्कवाल्यांवर संशय घेता येतो, संध्याकाळी पोस्टग्रेसच्या आवृत्तीवर. माळा आठवतो तो रात्री.

या सगळ्या कटकटींवर रामबाण उपाय म्हणजे नेमस्पेसच, अर्थात क्लस्टरमधला तो अख्खा कप्पाच, उडवणे. एकच आज्ञा, आणि तिच्या पोटातले सगळे, क्लेमसकट, जाते. क्लेमच्या मागे जो प्रत्यक्ष व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कची क्लस्टरमधली नोंद, असतो, त्याचे काय व्हावे हे त्याच्या 'रिक्लेम पॉलिसी'त लिहिलेले असते: हाताने तयार केलेला व्हॉल्यूम असेल तर मुळात 'रिटेन', म्हणजे राहू द्या, आणि स्टोरेज क्लासने मागणीबरहुकूम आपोआप तयार करून दिलेला असेल, आणि जवळजवळ सगळे तसेच असतात, तर कोणी वेगळे न सांगितल्यास 'डिलीट'. म्हणजे क्लेम गेला की व्हॉल्यूम जातो आणि व्हॉल्यूम गेला की क्लाउडमधली खरीखुरी डिस्कही जाते. ही ओळ पाहायला 'क्यूबसीटीएल गेट पीव्ही' एवढे टंकायचे असते आणि पाच सेकंद लागतात. ती पाच सेकंदे वाचवावीत.

मी स्वतः ती वाचवलेली आहेत. एका जुन्या नोकरीत 'डेमो-टेस्ट-दोन' नावाची नेमस्पेस होती. विक्री विभागाने ती एका ग्राहकाला आठ दिवस दाखवण्यासाठी उभारून घेतली होती. ग्राहकाला ती आवडली, त्याने पैसे भरले, आणि त्याचे हिशेबनीस दोन वर्षे तिच्यातच रोजची बिले स्कॅन करून चढवत राहिले. नाव बदलावे असे कोणाला वाटले नाही. त्या शुक्रवारी नव्याने रुजू झालेला मुलगा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "सर, ही उडवू का? नावातच टेस्ट आहे." मी चहात बिस्किट बुडवत होतो. बिस्किट तुटण्याच्या बेतात असल्याने मान वर न करता मी म्हणालो, "उडव." त्याने आज्ञा दिली. 'डिलीटेड' अशी ओळ ताबडतोब उमटली, पण पुढची आज्ञा मागणारा प्रॉम्प्ट परत येईना. आतले सगळे खरोखर जाईपर्यंत ती आज्ञा थांबून राहते, हे त्याला ठाऊक नव्हते आणि मला आठवले नाही. कर्सर मिनिटभर लुकलुकत राहिला. त्या मिनिटात काय चालले होते हे आज सांगता येते: पॉडना आवरायला नेहमीची तीस सेकंदे मिळाली, ते गेल्यावर क्लेमवरचे संरक्षण उठले, क्लेम गेला, त्यामागून व्हॉल्यूम गेला आणि अखेर डिस्क. प्रॉम्प्ट आला तेव्हा तो मुलगा म्हणाला, "झालं, सर." सोमवारी साडेदहाला ग्राहकाच्या हिशेबनिसांचा फोन आला. "अहो, आमची बिलं दिसेनाशी झालीत, तुमच्याकडे सर्व्हर बंद आहे का?" सर्व्हर बंद असता तर किती बरे झाले असते. त्या डिस्कचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणापुरती प्रत, सापडला, तो अकरा महिन्यांपूर्वीचा होता, आणि तो ज्याने काढून ठेवला होता तो माणूस नोकरी सोडून गेला होता. वरिष्ठांच्या बैठकीत नेमस्पेसना नावे कशी द्यावीत यावर दीड तास चर्चा झाली. "उडव" कोण म्हणाले, हे त्या मुलाने सांगितले नाही. मीही सांगितले नाही.

बॅकअपचा विषय निघालाच आहे, तर तोही उरकून घेऊ. 'बॅकअप आहे' असे कोणी म्हटले की कशाचा, हे विचारू नये. बहुधा तो एटसीडीचा, म्हणजे क्लस्टरच्या नोंदवहीचा, असतो. त्यात क्लस्टरवर कोणते क्लेम होते, कोणत्या नावाचे, किती जीबीचे, हे सारे बिनचूक लिहिलेले असते. डिस्कवर काय होते, ते मात्र नसते. गहाळ झालेल्या तिजोरीची पावती जपून ठेवल्यासारखे आहे, पण ऑडिटला तेवढी पावती पुरते.

कधी कधी नेमस्पेस 'टर्मिनेटिंग'ला अडकते आणि तासन् तास तशीच राहते. याचा अर्थ असा, की आतल्या एखाद्या वस्तूवर फायनलायझर आहे, म्हणजे 'मी माझे आवरल्याशिवाय हिला जाऊ देऊ नका' असे कोणीतरी लिहून ठेवले आहे. ते आवरणारा ऑपरेटर, म्हणजे अशा वस्तूंची देखभाल करणारा प्रोग्राम, आपण दहा मिनिटांपूर्वीच उत्साहाच्या भरात उडवलेला असल्याने आवरायला आता कोणी उरलेले नसते. अशा वेळी काय राहिले आहे ते शोधणे, ऑपरेटर परत बसवणे आणि त्याच्याकडून निरवानिरव करून घेणे ही रटाळ वाट आहे. सोपी वाट म्हणजे फायनलायझरची यादीच कोरी करणे. नेमस्पेस तत्क्षणी दिसेनाशी होते, आणि ऑपरेटरने बाहेर क्लाउडमध्ये घेतलेला डेटाबेस, त्याचा लोड बॅलन्सर आणि त्याचा आयपी पत्ता बेवारस होऊन चालू राहतात. याहून जोमाने आवरायचे असेल तर कस्टम रिसोर्स डेफिनिशन, म्हणजे नव्या प्रकारच्या वस्तूची व्याख्या, उडवावी. ती एकच वस्तू दिसते, पण डेटाबेसच्या ऑपरेटरची ती व्याख्या गेली की त्या प्रकारच्या सगळ्या वस्तू, सगळ्या नेमस्पेसमधल्या, शेजारच्या टीमच्यासुद्धा, तिच्याबरोबर जातात. शेजारच्या टीमशी ओळख वाढवण्याचा याहून जलद मार्ग मला माहीत नाही.

आणि पॉडच हटत नसेल, तर 'फोर्स' वापरावा, आवरायला मिळणारी सवलतीची मुदत शून्य करावी. त्याने पॉड मरतोच असे नाही. तो मेला अशी नोंद मात्र होते. ज्या नोडशी, म्हणजे क्लस्टरमधल्या यंत्राशी, संपर्क तुटला आहे तिथे तो जिवंत राहून लिहीतच असेल, आणि स्टेटफुलसेटने त्याच नावाचा दुसरा उभा केला, तर एकाच ओळखीचे दोघे एकाच माहितीवर हक्काने लिहू लागतात. गावाकडे जमिनीच्या बाबतीत असे झाले की वकील तीन पिढ्या जगतात.

महिनाअखेरीस क्लाउडचे बिल येते. त्यात कशालाच न जोडलेली पाचशे जीबीची एक डिस्क असते, जिच्या नावात 'पीव्हीसी' (पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेमचे लघुरूप) आणि त्यापुढे छत्तीस अक्षरांचा आकडी गोंधळ असतो. तिचा व्हॉल्यूम 'रिटेन'वर होता म्हणून ती वाचली, आणि तिचा क्लस्टरच आता उरलेला नाही म्हणून ती कोणाची, हे सांगणारेही कोणी उरलेले नाही. लेखा विभाग विचारतो, "ही कोणाची?" टीमच्या ग्रुपवर हा प्रश्न टाकला जातो, त्यावर तीन अंगठे उमटतात, उत्तर येत नाही. उडवून टाकावी असे सर्वांचे मत पडते, पण 'डेमो-टेस्ट-दोन'ची आठवण अजून ताजी असल्याने हात कोणी लावत नाही. मग एक समंजस माणूस सुचवतो, की आधी तिचा स्नॅपशॉट काढून ठेवू आणि मग डिस्क उडवू. स्नॅपशॉट काढला जातो. डिस्क उडवायचे तिकीट ज्याच्या नावावर आहे तो रजेवर जातो, आणि पुढच्या महिन्याच्या बिलात दोन्ही असतात.